दिव्यापुढचा तळवा

आमच्या देव्हाऱ्याशेजारी जुन्या कॅलेंडरातून कापून काचेत बसवलेले एक चित्र आहे. एका हाती दिवा, दुसऱ्या तळव्याने ज्योत सावरलेली अशी स्त्री. हे राजा रविवर्म्याचे, असे वडील सांगत. पुष्कळांना आजही तसेच वाटते. चित्र आहे मूळच्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, १९४५-४६च्या सुमाराचे. मूळ जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी गीता.

येथे रविवर्म्याचे नाव चिकटावे याचा मला अचंबा वाटतो. त्याची शकुंतला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळते. काटा निमित्तमात्र! तिचे वळणे दुष्यंतासाठी आणि तिची कमनीय ठेवण आपल्यासाठी. हळदणकरांच्या स्त्रीला काम आहे. तिला दिवा विझू द्यायचा नाही. चित्रकार तिच्या रूपाची यादी देत नाही. उजेड पोचतो तेथे हनुवटी, गळा, पदराखालचा देह उमटतो. अन् ती बोटे! त्यांतून झिरपणारी लाली पाहून तळव्याआड ज्योत किती जवळ असेल ते कळते.

जलरंगात हे अवघड. तैलरंगात चुकले तर वर पांढरा थापता येतो. येथे उजेड म्हणजे कागदाचाच पांढरेपणा. तो पहिल्यापासून राखावा लागतो. कोठे हात लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते.

ते मला ठरवता आले नव्हते. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिकेचे डोळे, केस, बांधा यांवर मी दीड पान खर्चले होते. वाचून सौ. म्हणाली, "अहो, पण ती तेव्हा करत काय होती?" मला उत्तर देता आले नाही. पुढच्या आवृत्तीत ते दीड पान गेले.

चित्र गोड आहे, अति गोड आहे, अशी टीका मी ऐकली आहे. ती अगदीच खोटी नाही. बापाने लेकीकडे पाहिले की थोडा गोडवा यायचाच. मात्र माझी तक्रार निराळी आहे. गेल्या दिवाळीत वारा होता. सौ.ने पणती अशीच झाकून तुळशीपर्यंत नेली, ठेवली, आणि तळवा झटकून फुंकर मारली. चित्रातला हात इतका जवळ असूनही त्याला धग लागलेली दिसत नाही. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "उभी राहिली होती ना ती बिचारी? तिला विचारायला हवे होते."