देवराईबाहेरचे रुग्ण

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयीने नव्वदच्या दशकात एड्सवर ‘जिंदगी जिंदाबाद’ हा हिंदी चित्रपट केला आणि २००४ साली स्किझोफ्रेनियावर ‘देवराई’. दुसरा चित्रपट वरच्या वर्गांना आवर्जून दाखवावा असा आहे. (त्याला राष्ट्रीय पुरस्कार मात्र मिळाला तो पर्यावरणाच्या गटात!) आपल्या पडद्यावरचा वेडा एकतर हसवतो, नाहीतर अंगावर धावून येतो. ‘देवराई’तला शेष यांपैकी काहीच करत नाही. त्याला होणारे भास त्याच्यापुरते खरेच असतात, हे अतुल कुलकर्णींच्या अभिनयातून विद्यार्थ्यांना व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

चित्रपटाची मर्यादाही इथेच सुरू होते. शेषला घर आहे, आणि सीनासारखी बहीण आहे. शेषच्या जागी एखादी स्त्री असती आणि तिला घरच नसते तर? नगर जिल्ह्यातील शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली ‘माउली’ संस्था अशाच, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. त्यांतील कित्येकींवर बलात्कार झालेले असतात. काहींची मुलेही तिथेच जन्मली. या दिग्दर्शकांनी वेगवेगळे हाताळलेले दोन विषय अशा स्त्रीच्या वाट्याला एकदमच येऊ शकतात.

एचआयव्ही प्रतिबंधाची आपली भित्तिपत्रके पाहा. संयम, एकनिष्ठा, निरोध! हे सारे उपदेश ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या माणसाला केलेले आहेत. रात्री बसस्थानकावर झोपणाऱ्या, आपले नावही न सांगू शकणाऱ्या बाईला त्यांचा काय उपयोग? तिला उपयोगी पडेल ते अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस द्यायचे प्रतिबंधक औषध. पण त्यासाठी तिच्यावर काय गुदरले हे वेळेत कुणाच्या तरी लक्षात यायला हवे.

लागण झालीच तर उपचारही सरळ नसतात. भारतात अनेक वर्षे पहिल्या फळीत वापरलेल्या इफाविरेन्झने काहींना विचित्र स्वप्ने, नैराश्य, क्वचित भासही होत. आधीच भास होणाऱ्या रुग्णात ते ओळखायचे कसे? त्याची जागा घेणाऱ्या डोल्युटेग्राविरचे रक्तातील प्रमाण कार्बामॅझेपिनमुळे घटते. हे दुसरे औषध फेफऱ्यावर आणि मनःस्थितीच्या आजारातही देतात. तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसली पाहिजे.

संमतीचे काय? योगायोगाने मानसिक आरोग्याचा आणि एचआयव्हीचा असे दोन्ही कायदे २०१७ सालचेच. एक सांगतो, चाचणीपूर्वी समजावून संमती घ्या. दुसरा सांगतो, आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही असे गृहीत धरू नका. म्हणजे तिच्या भाषेत, तिला समजेल तेव्हा, पुन्हा पुन्हा विचारायचे. हे काम किती वेळखाऊ आहे हे दाखवायला दोन तासांचा चित्रपट कदाचित अपुराच पडेल. पण वर्गातल्या चर्चेला तेवढी घाई नसते.