पुस्तकाला जामीन कोण?

बँकेत एकवीस वर्षे काढल्यावर माणसाला एक गोष्ट पक्की कळते. शिफारस करणारे शंभर भेटतात, जामीन राहणारा एकही भेटत नाही. "माणूस एकदम सज्जन आहे हो, डोळे मिटून कर्ज द्या!" असे छातीठोकपणे सांगणाऱ्या गृहस्थापुढे मी जामीनदाराचा फॉर्म सरकवला, की त्याच क्षणी त्यांना घरी गॅसवर ठेवलेले दूध आठवते.

पुस्तकांचेही तेच आहे. "मुलांनी काय वाचावं?" असा नुसता प्रश्न टाकून बघा. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत वीजबिलाच्या पलीकडे काही वाचलेले नाही, तेसुद्धा याद्या देतात. आणि मुलांसाठी सुचवलेल्या पुस्तकाचा एक अलिखित नियम आहे : ते सुचवणाऱ्याने स्वतः वाचलेले नसावे.

मी या भानगडीत पडायचे कारण म्हणजे आमच्या मातुःश्रींचा मोतीबिंदू. ऑपरेशन उत्तम झाले. पण काही दिवस डोळ्यांना ताण नको, असे डॉक्टरांनी बजावले. आईला रोज रात्री चार पाने वाचल्याशिवाय झोप येत नाही. आता तिला वाचून कोण दाखवणार? मी संध्याकाळी ठाण्याहून गाडीला लोंबकळत डोंबिवलीला पोचतो, तेव्हा माझ्यात स्टेशनांच्या पाट्या वाचण्याचेही त्राण नसते. सौ.ने "मला स्वयंपाक आहे" एवढेच सांगितले. पण ते ज्या आवाजात सांगितले, त्यावर अपील नव्हते. उरले चिरंजीव.

चिरंजीव आठवीत. इंग्रजी माध्यम. मराठी त्याला बोलता येते, भांडता तर फारच छान येते. पण वाचायला बसला की बैलगाडी खडीवरून चालल्यासारखी जोडाक्षरे वाजतात. शिवाय तो व्यवहारी आहे. (हा गुण त्याच्या आईकडून.) त्याने दर सांगितला : अर्ध्या तासाला दहा रुपये. मी एक जुनी वही दिली, तारीख, पाने, रुपये असे रकाने आखून दिले आणि म्हटले, "रोज नोंद करायची. महिन्याच्या शेवटी पेमेंट." कॉमर्सचा पदवीधर मुलाला दुसरे काय देणार?

आता पुस्तक कोणते, हा प्रश्न. दुसऱ्या दिवशी ऑफिसात विषय काढला. हेड कॅशियरनी 'ययाति' सांगितले. मी म्हटले, "आठवीतल्या मुलाला?" ते म्हणाले, "का? पौराणिक तर आहे!" लोन विभागातल्या बाईंनी यशस्वी उद्योगपतींची चरित्रे सुचवली. मॅनेजरसाहेबांनी नोटा मोजायच्या मशिनचा आवाज थांबायची वाट पाहून, एकेक शब्द तोलत सांगितले, "संस्कार होतील असं काही तरी द्या." मग मी प्रत्येकाला विचारले, "तुम्ही स्वतः तेराव्या वर्षी काय वाचत होता?" हेड कॅशियर खुलले, "बाबूराव अर्नाळकर! झुंजार! काळापहाड! भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो!" मी म्हटले, "मग तेच का सुचवत नाही?" तर म्हणाले, "छे हो, ते काय मुलांना सांगायचं असतं?"

इथेच सगळी मेख आहे. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना भरभर वाचण्याचे वळण लावले. पुढे जी माणसे जाडजूड ग्रंथ वाचून विद्वान झाली, त्यांतल्या कित्येकांचे खाते पहिल्यांदा झुंजारने उघडलेले असते. पण पासबुकावर कुणी त्याची नोंद ठेवत नाही.

सुरुवात अर्थातच 'श्यामची आई'ने झाली, कारण ते घरात होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ पासून घरोघर पोचलेले हे पुस्तक. दोन रात्री झाल्या आणि आजीचे डोळे वाहू लागले. डॉक्टरांनी वाचन बंद केले होते. रडण्याबद्दल ते काही बोलले नव्हते, पण सौ. घाबरली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, यात प्रत्येक वेळी आईच बरोबर असते का?" मी म्हटले, "प्रत्येक घरात असते. पुढे वाच." मात्र पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला त्याची आई शिंपटीने फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते, तो भाग आला तेव्हा पोरगा सावरून बसला आणि त्याने स्वयंपाकघराकडे एकदा चोरून पाहिले. म्हणजे पुस्तकात जीव आहे, खोडी आहे, भीती आहे. ते चमच्याने एरंडेल पाजावे तसे आपण पाजतो, आणि मग मूल तोंड वाकडे करते ते पुस्तकाकडे बघून. पुस्तकाचा त्यात काही दोष नाही. मी ते परत फळीवर ठेवले. त्याची वेळ येईल तेव्हा ते स्वतः हाक मारील.

मग मी वाचनालयात गेलो आणि ज्याला मी स्वतः डोळे मिटून जामीन राहीन, असे पुस्तक आणले : भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'.

फुरसुंगीचा हा बनेश फेणे. पुण्याच्या शाळेत आलेला, काडीसारखा हडकुळा, सायकल हाणणारा आणि जिभेने 'ट्टॉक्' आवाज काढणारा. १९८७ साली दूरदर्शनवर त्याची मालिका आली, तेव्हा आमच्या चाळीतली यच्चयावत पोरे आठवडाभर 'ट्टॉक्' करत फिरत होती. शेवटी तळमजल्यावरच्या आजोबांनी नळाचा वॉशर बदलून घेतला. २०१७ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. पण पुस्तकातला फेणे तो फेणे. त्याच्याकडे ताकद नाही, पैसा नाही, जादूची कांडी नाही. आहे फक्त नसत्या चौकशा करायची खोड. मोठी माणसे ज्या खोडीबद्दल मुलांचे कान पिळतात, त्याच खोडीपायी इथे बदमाश पकडले जातात! तेराव्या वर्षी यापेक्षा मोठा न्याय जगात नसतो.

टीकाकाराचा धर्म म्हणून उणी बाजूही मांडतो. योगायोग फार. फेणे जिथे जाईल तिथे गुन्हेगार आधीच येऊन बसलेले. मुलींना या धामधुमीत वाव कमी. पोलीस नेहमी शेवटच्या पानावर पोचतात. पण याला दोष म्हणायचे की वास्तववाद, हे मला ठरवता आलेले नाही. जमेची बाजू मात्र एवढी भक्कम आहे, की ताळेबंद काढताना घासाघीस करायचे कारणच नाही. भागवतांचे वाक्य पळते. ज्यूल व्हर्नच्या सफरी मराठीत आणणाऱ्या या माणसाला, पोराला पानाच्या तळाशी नेऊन पुढच्या पानात कसे ढकलायचे, हे बरोबर ठाऊक होते. आमचा गाडा खडीवरून डांबरी रस्त्यावर आला तो इथे. दोन पुस्तकांत पोरगा जोडाक्षरांना अडखळेनासा झाला, कारण थांबायला त्याला वेळच नव्हता.

एकच अडचण उरली होती. आजी विचारी, "कितव्या पानावर आलो रे?"

"फिफ्टी नाइन."

"म्हणजे एकोणसाठ."

"आजी, साठ अजून आलेच नाहीत, तर आधीपासून साठ-साठ काय म्हणायचं?"

यावर उत्तर नव्हते. आमच्या काउंटरवरही 'एकोणऐंशी हजार' ऐकून हात एकोणनव्वदकडे वळलेले मी पाहिले आहेत.

फेणे संपला. मग जयंत नारळीकरांचे 'वामन परत न आला' आणले. विचार करणारे यंत्र माणसाने बनवले, तर ते आपले ऐकेल की आपल्याला ऐकवेल, हा प्रश्न नारळीकरांनी १९८०च्या दशकातच कादंबरीत घालून ठेवला होता. आज चिरंजीवांचा गृहपाठ मोबाइलमधले यंत्र करून देते, तेव्हा हे पुस्तक जास्तच ताजे वाटते. विज्ञान समजावताना गोष्ट मधूनमधून खडू हातात घेते, हे खरे. पण पोराने ती पाने गाळली नाहीत. आजीने गाळायला सांगितली, तरी गाळली नाहीत.

सौ.ने वाचनालयातून मिलिंद बोकीलांची 'शाळा' आणली होती. २००४ सालची कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, आणि मुकुंद जोशीचे शिरोडकरकडे लागलेले डोळे. "आधी मी वाचून बघते, मुलाला देण्यासारखी आहे का ते," असे म्हणून तिने ती हातात घेतली आणि दोन दिवस आमच्याकडे खिचडी झाली. तिसऱ्या दिवशी निकाल लागला : "चांगली आहे. पण अजून एक वर्ष थांबू या." पुस्तक कपाटाच्या वरच्या कप्प्यात साड्यांखाली गेले. मला आनंद झाला. मराठी घरात पुस्तकाला यापेक्षा मोठी शिफारस नाही. परत करायची तारीख जवळ आल्यावर बघितले, तर साड्यांची घडी बदललेली होती. मी कुणाला काही बोललो नाही.

आणि मग आले 'पाडस'. मार्जोरी रॉलिंग्ज या बाईंचे 'द यर्लिंग' १९३८ साली निघाले, १९३९ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि राम पटवर्धनांनी ते मराठीत आणले. आणले म्हणजे किती आणले! फ्लोरिडाचे जंगल, तिथला मका, शिकारी, पाऊस, सगळे मराठीत असे नांदते, की अनुवाद वाचतोय हे विसरायला होते. ज्योडी नावाचा मुलगा, त्याचे गरीब शेतकरी आई-बाप, आणि हरणाचे एक अनाथ पाडस. त्याच्या आईला ज्योडीच्या बापानेच मारलेले असते. साप चावला म्हणून, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी. ज्योडी ते पाडस घरी आणतो. ते मोठे होते. आणि घरचे वर्षभराचे पोट ज्या पिकावर अवलंबून, ते पीक खाऊ लागते.

बँकवाला म्हणून सांगतो : या घराला मी पीककर्ज दिले नसते. शिल्लक शून्य, तारण शून्य, वर अस्वले आणि पूर. म्हणूनच ते पीक म्हणजे काय, हे पानापानाला कळत जाते. आपल्याकडच्या मुलांच्या गोष्टींत गरिबी असते, ती बहुधा नायकाने शेवटी बक्षीस मिळवावे म्हणून. इथे गरिबी घरात माणसासारखी वावरते आणि जेवायला बसते. सुरुवात संथ आहे, आधीच सांगून ठेवतो. पहिली चाळीसेक पाने मुलाला मोठ्याने वाचून दाखवावीत. ती मी वाचली. ऑफिसातून येऊन वाचली आणि गाडीतला थकवा कुठे गेला ते कळले नाही.

पुढची त्याने आजीला वाचली. एव्हाना आजीच्या डोळ्यांना डॉक्टरांनी कधीच परवानगी दिली होती. नवा चष्माही आला होता. तो केसमध्ये होता. "माझ्या डोळ्यांना अजून जरा झापड येते हो," असे ती म्हणे, आणि टीव्हीवरच्या बातमीपट्टीतल्या चुका बसल्या जागेवरून काढी.

शेवट सांगत नाही. शेवट सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या लॉकरला हात घालणे. एवढेच सांगतो, की त्या रात्री वाचता वाचता पोराचा आवाज एका ठिकाणी थांबला. मला वाटले, जोडाक्षर. बघायला गेलो, तर आजीने पुस्तक त्याच्या हातातून घेतले होते, केसमधून चष्मा काढला होता आणि उरलेली पाने ती त्याला वाचून दाखवत होती. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. सौ. स्वयंपाकघरात एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती. मी पंखा उगाच एकने वाढवला आणि बाहेर आलो.

मुलांना करमणुकीचे द्या, संस्काराचे नको, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मूल जे वाचता वाचता जेवायला उठत नाही, त्यातूनच त्याला जे मिळायचे ते मिळते. बाकीचे नुसते व्हाउचर.

म्हणून 'फास्टर फेणे', 'वामन परत न आला', 'पाडस' आणि (नववीनंतर, किंवा साड्यांखालून) 'शाळा', या चार पुस्तकांना मी आज लेखी जामीन राहतो. कर्ज बुडाले, तर माझ्याकडे या. मी गॅसवर दूध ठेवलेले नाही.

महिन्याच्या शेवटी चिरंजीवांची वही तपासायला घेतली. तारखा, पाने, रुपये, सगळे जागच्या जागी. बेरीज मात्र जुळेना. अर्ध्या तासाचे दहा रुपये कमी भरत होते. पुन्हा वरून खाली आलो. 'पाडस' संपले त्या रात्रीची नोंदच नव्हती.

एकवीस वर्षांत दहा पैशांच्या फरकासाठी मी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत ऑफिसात बसलेलो आहे. या वेळी वही मिटली, ठरलेले पैसे दिले आणि फरक तसाच ठेवला.