गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे

सांध्यांचे प्रकार शिकवायची वेळ आली की वर्गाचे दार हेच आपले शैक्षणिक साधन होते. दार उघडझाप करून दाखवायचे आणि सांगायचे, हा बिजागरीचा सांधा. कोपर आणि गुडघा असेच चालतात. हालचालीची दिशा समजण्यापुरता हा दाखला चांगला आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. बिजागरी कुरकुरते, तिला तेल लागते, वापरून ती झिजते आणि शेवटी बदलावी लागते. वर्गातले मूल मोठे होते, घरात कुणाचे तरी गुडघे दुखू लागतात आणि तीच बिजागरी पुन्हा ऐकू येते: ‘वंगण संपले’, ‘गॅप कमी झाली’, ‘आता जपून वापरा, चालणे कमी करा’.

या लेखात आम्ही या दाखल्याचीच तपासणी करणार आहोत. सांध्याच्या दुखण्यावर जो उपाय प्रथम करायचा, त्या व्यायामापासूनच हा दाखला माणसाला दूर नेतो, असे आमचे म्हणणे आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ‘संधिवात’ या एका शब्दात अनेक आजार कोंबले जातात. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. गाउटमध्ये यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साचतात. येथे आपण बोलणार आहोत ते मुख्यतः उतारवयात गुडघे, खुबे आणि हाताची बोटे यांत आढळणाऱ्या ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल.

वापरल्याने झिजते की न वापरल्याने?

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. त्यात सर्वाधिक वाटा पाण्याचा. कोलॅजेनच्या तंतूंची जाळी आणि तिच्यात पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू अशी तिची रचना असते. या जाळीत विखुरलेल्या थोड्याशा पेशी सतत हे द्रव्य तयार करतात आणि जुने मोडतात. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग या पेशींना अन्न कोठून मिळते? सभोवतालच्या सांध्यातील द्रवातून. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाते आणि थोडे पाणी बाहेर पडते. पाऊल उचलले की ते पुन्हा आत येते. या ये-जा करण्याने पोषणाला मदत होते. शिवाय दाब पडल्याचे पेशींना ‘कळते’ आणि त्यांचे कामकाज त्यानुसार बदलते. बिजागरीच्या लोखंडात असे काही घडत नाही.

दाखला खरा की खोटा हे ठरवायचे, तर त्यातून निघणारे भाकीत तपासावे. यंत्राचा जो भाग वापरला जात नाही तो घासलाही जात नाही. मग ज्या माणसांचे पाय मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे हालत नाहीत, त्यांची कूर्चा नव्यासारखी राहायला हवी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या गुडघ्यांची एमआरआय चित्रे पाहिली, तेव्हा नेमके उलटे आढळले. भार आणि हालचाल थांबल्यावर कूर्चा पातळ होत गेली होती.

दुसरे भाकीत धावणाऱ्यांचे. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात खुब्याचा किंवा गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंपैकी १३.३ टक्के लोकांत आढळला. येथे घाई करू नये. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात, असेही यामागे असू शकेल. पण ‘जितका वापर तितकी झीज’ हे सरळ गणित या आकड्यांत बसत नाही, हे नक्की.

‘गॅप’ आणि वेदना

क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. तिलाच ‘गॅप’ म्हणतात. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली अशा चित्रांची जी प्रतवारी सुचवली, ती आजही वापरली जाते. पण प्रतवारी सांध्याच्या चित्राची होते, माणसाच्या वेदनेची नव्हे. कूर्चेत मज्जातंतूही नसतात. वेदना येते ती सांध्याचे अस्तर, कूर्चेखालचे हाड, अस्थिबंध आणि आसपासचे स्नायू यांच्याकडून. म्हणूनच चित्रात बराच बिघाड असूनही आरामात चालणारी माणसे असतात आणि चित्र जवळजवळ चांगले असूनही विव्हळणारी माणसेही असतात. ‘गॅप गेली, आता काही होणार नाही’ हे वाक्य ऐकून खचणाऱ्यांना हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

बिजागरीच्या दाखल्यातून उपचारही निघाले. घासलेला भाग दुर्बिणीतून साफ करावा, सांधा धुऊन काढावा, हा त्यातलाच. ब्रूस मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा साफसूफ केला आणि तिसऱ्याला कातडीवर नुसते छेद दिले. कोण कोणत्या गटात हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षे पाहिल्यावर गटांमध्ये फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ‘वंगण वाढवणाऱ्या’ गोळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली. २००६ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांत, सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता, या गोळ्या वेदनेवर नकली गोळीहून सरस ठरल्या नाहीत.

व्यायामाचीही परीक्षा

हाच निकष आपल्या बाजूच्या उपायालाही लावला पाहिजे. १९९७ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४३९ गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना चालण्यासारखा व्यायाम, काहींना स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि काहींना नुसती माहिती देण्यात आली. दीड वर्षाने व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची वेदना कमी होती आणि हालचाल बरी होती; मात्र फरक माफक होता. २०२४ साली शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातूनही सरासरी सुधारणा छोटीच दिसली. व्यायामाने नवी कूर्चा उगवते असा दावा कुणी केला तर तो मानू नये.

मग आग्रह कशासाठी? कारण मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघा अधिक स्थिर राहतो. शिवाय मधुमेह, रक्तदाब, झोप आणि मनःस्थिती यांनाही चालण्याचा फायदा होतो, आणि धोका फारच थोडा. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याचा लाभ गुडघ्याला अनेक पटींनी मिळतो. २००५ सालच्या एका मोजणीनुसार उतरलेल्या दर एक किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

शस्त्रक्रियेला विरोध नाही. २०१५ साली डेन्मार्कमध्ये सांधेरोपणास पात्र अशा १०० रुग्णांची तुलना झाली. रोपण आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांची वेदना अधिक कमी झाली. गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक झाली. पण रोपणाशिवाय उपचार घेतलेलेही सुधारले आणि त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागली नाही.

आमची तक्रार फिजिओथेरपीच्या एका प्रचलित रूपाबद्दलही आहे. दहा दिवस जायचे, शेक घ्यायचा, यंत्र लावून पडून राहायचे आणि घरी यायचे. शेकाने तात्पुरते बरे वाटते. पण खरे काम व्यायाम शिकवणे, तो हळूहळू वाढवणे आणि रुग्णाची भीती घालवणे हे आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, पाय सरळ ठेवून उचलणे, रोज ठरावीक चालणे, याला यंत्र लागत नाही. व्यायाम करताना थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते शमले, तर घाबरू नये. वाढतच राहिले तर प्रमाण कमी करावे. सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा मार लागला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

राबणे आणि व्यायाम

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हांला आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि व्यायामाची बहुतेक माहितीपत्रके त्याला उत्तरच देत नाहीत. सांधेदुखी हा काही शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीने खेड्यातही सांधे आणि स्नायूंची दुखणी किती सर्रास आहेत, हे दाखवून दिले. तासन्‌तास उकिडवे बसून ओझी उचलणाऱ्यांत गुडघ्याचा आजार अधिक आढळतो. व्यायामात भार मोजून वाढवता येतो आणि मध्ये विश्रांती घेता येते; खुरपणी करणाऱ्या बाईला या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. तिला ‘चालत जा’ एवढेच सांगणे अपुरे आहे. लांब दांड्याचे अवजार, कामात बदल, मधली विश्रांती हीदेखील उपचाराचीच अंगे आहेत.

वर्गातले दार आपण सोडून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. दार दाखवल्यावर फळ्यावर दोन रकाने आखावेत: गुडघा बिजागरीसारखा कोठे आहे आणि कोठे नाही. पोषण, वाढ, दुरुस्ती, वेदना, स्नायू हे सारे दुसऱ्या रकान्यात जाईल. तो रकाना मुलांनी स्वतः भरला, तर घरी ‘आता बसूनच राहा’ असे कुणी आजीला सांगताच ती ‘का?’ असे नक्की विचारतील.