मारुती चितमपल्ली यांचे अरण्यलेखन : नवेगावबांध परिसराच्या संदर्भात

मराठी ललित गद्यात निसर्ग बराच काळ पार्श्वभूमीसारखा वावरला. अरण्यालाच विषय करून आयुष्यभर लिहिणारे लेखक मोजकेच. त्यांत मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे स्थान अग्रभागी आहे. २००६ च्या सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०२५ मधील 'पद्मश्री' या सन्मानांमुळे त्यांच्याविषयी गौरवपर लेखन विपुल झाले. मात्र चिकित्सक लेखन त्या मानाने अल्प आहे. प्रस्तुत लेखात नवेगावबांध परिसराच्या संदर्भात त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

सोलापूरच्या तेलुगू भाषक घरात जन्मलेल्या चितमपल्लींनी कोईमतूर येथे वनशिक्षण घेतले आणि ते वनखात्यात दाखल झाले. त्यांच्या नोकरीच्या काळातील नवेगावबांधचे वास्तव्य लेखनदृष्ट्या सर्वांत फलदायी ठरले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तेथील तलाव, भोवतीच्या टेकड्या, हिवाळ्यात उतरणारे स्थलांतरित पक्षी आणि तलावावर जगणारा ढिवर समाज हे सारे 'पक्षी जाय दिगंतरा' व 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकांत येते. या लेखनात माणसे शोभेपुरती नाहीत. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखा जाणकार येथे लेखकाचा सोबतीही आहे आणि गुरूही. अधिकारी शिकतो आणि गावकरी शिकवतो, हा क्रम मराठी गद्यात दुर्मीळच म्हणावा लागेल.

याच जिल्ह्यातील अरण्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिले. दोहोंतील फरक उद्बोधक आहे. माडगूळकर काही काळापुरते जंगलात आलेले पाहुणे. 'बनगरवाडी'कार कादंबरीकाराची नजर त्यांच्यापाशी आहे, त्यामुळे वाक्य काटकसरीचे आणि दृश्य नेमके. चितमपल्लींची रचना सैल, पुनरुक्तीला न बिचकणारी. एकाच पक्ष्याविषयी ते निरनिराळ्या पुस्तकांत लिहितात आणि दरवेळी थोडी नवी माहिती देतात. रचनेच्या कसोटीवर माडगूळकर सरस ठरतात. परंतु एकाच पाणवठ्यावर सर्व ऋतू काढलेल्या माणसाची माहिती पाहुण्याला मिळत नाही.

त्यांच्या भाषिक कार्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. कावळ्यांच्या वसाहतीसाठी 'काकागार', बगळ्यांच्या विणीच्या जागेसाठी 'सारंगागार' हे शब्द त्यांनी घडविले. 'पक्षिकोश' सिद्ध केला. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्रा'चा मराठी अनुवाद केला. येथे एक अंतर्विरोध जाणवतो. ढिवर व गोंड जाणकारांकडून शब्द टिपणारा हा लेखक नवा शब्द घडविताना मात्र संस्कृतकडे वळतो. 'सारंगागार' सुबक आहे यात शंका नाही. तलावकाठच्या कोळ्याच्या तोंडी तो रुळेल असे वाटत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चितमपल्लींच्या गद्यात स्वतः पाहिलेले, गावकऱ्यांकडून ऐकलेले आणि प्राचीन ग्रंथांत वाचलेले एकाच विश्वासाच्या सुरात येते. 'निळावंती' हे पशुपक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या स्त्रीच्या लोककथेवरचे पुस्तक असल्याने तेथे वाचक सावध असतो. इतरत्र अशी खूण नसते. लोकसमजुतींची नोंद म्हणून हे साहित्य अमोल आहे. प्राणिशास्त्राचा पुरावा म्हणून त्यातील विधाने स्वतंत्रपणे पडताळावी लागतात. ललित वाङ्मय म्हणून सवलत देऊन हा प्रश्न मिटत नाही, कारण वाचक त्यांच्याकडे येतो तो मुख्यतः माहितीसाठी, आणि वनाधिकाऱ्याच्या शब्दाला आपसूक अधिकार प्राप्त होतो.

हा अधिकार आणखी एका ठिकाणी अडचणीचा ठरतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७५ मध्ये घोषित झालेले नवेगाव राष्ट्रीय उद्यान यांमुळे शिकार, मोहफुले, बांबू व चराई यांवर जगणाऱ्यांच्या आयुष्यात मूलगामी बदल झाला. ज्यांच्या ज्ञानावर हे लेखन उभे आहे, त्यांच्यावर निर्बंध आणणाऱ्या खात्याचाच लेखक प्रतिनिधी होता. या ताणाचा उच्चार त्यांच्या पुस्तकांत क्वचितच तीव्र होतो; माणसांविषयीची माया तेवढी ओथंबून येते. उद्यानातील झनकारगोंदी, कालीमाती व कवलेवाडा ही गावे कालांतराने उठली आणि त्यांचे सडक अर्जुनी तालुक्यात पुनर्वसन झाले. चितमपल्ली १९९० मध्येच निवृत्त झालेले असल्याने या घटनेचे उत्तरदायित्व त्यांच्याकडे जात नाही. परंतु आज 'नवेगावबांधचे दिवस' वाचताना पुनर्वसित गावातील विद्यार्थी त्यात आजोबांचे शब्द शोधतो आणि आजोबांचे गाव का उठले याचे उत्तर मात्र त्याला तेथे सापडत नाही.

या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना येथे काम करण्यास मोठा वाव आहे. चितमपल्लींनी नोंदविलेले पक्ष्यांचे, माशांचे व झाडांचे शब्द ढिवर, कोहळी आणि गोंड वस्त्यांत आज किती टिकून आहेत, कोणत्या अर्थाने टिकून आहेत, याची गावनिहाय पाहणी करता येईल. ज्यांच्या तोंडून ते शब्द आले, त्यांतील वयोवृद्ध माणसे हयात असेतोवरच ती शक्य आहे.