‘श्यामा’चा निकाल आणि समीक्षेचा
चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ (‘रंभा’, दिवाळी अंक, १९६२) या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकास दोषी ठरविले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. कवी निशिकांतच्या जीवनात आलेल्या तीन स्त्रियांची ही कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेलही, परंतु समग्र वाचता ती अश्लील ठरत नाही, हे त्या निकालाचे मर्म. नीती व वाङ्मयीन मूल्य यांची ही फारकत साक्षेपी वाचनातूनच शक्य झाली. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला. मराठी समीक्षेने मात्र अशा प्रणयकादंबरीकारांना ‘रंजनपर’ या एका शब्दात बहुधा निकालात काढले. त्यांना गौण ठरविण्याचा अधिकार समीक्षेला आहेच. परंतु तो समग्र वाचनानंतरच प्राप्त होतो.