वाढलेली बांगडी

काही वर्षांपूर्वी मी एका बाईंच्या आठवणींच्या वहीचं इंग्रजी भाषांतर करत होते. बाई साताऱ्याकडच्या, शिक्षण चौथीपर्यंत. वही त्यांनी कोणासाठी लिहिली ते त्यांनाच ठाऊक. वहीत बांगड्या पुष्कळदा येतात. भांडी घासताना एक बांगडी वाढली. जत्रेत कासाराने चुडा भरताना दोन वाढल्या, त्यावरून सासूबाई काय बोलल्या. धाकट्याने हात ओढला, एक वाढली. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की इथे बांगडी मोठी झालेली नाही. ती फुटली आहे. सवाष्णीच्या बांगडीला 'फुटली' म्हणायचं नाही, म्हणून ती वाढते. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर तेही वाढतं, देवापुढचा नारळ वाढवतात.

मी दर वेळी इंग्रजीत 'मोडली, फुटली' या अर्थाचं सरळ क्रियापद घातलं. अर्थाच्या दृष्टीने काहीच चुकलं नव्हतं.

मग वहीत नवऱ्याच्या मृत्यूचं पान येतं. पान म्हणजे जेमतेम सात ओळी, आणि त्यात एक वाक्य दोन शब्दांचं: बांगड्या फोडल्या. मी तेच इंग्रजी क्रियापद पुन्हा वापरलं आणि पुढे गेले. तो भाग एका संकलनात छापून आल्यावर बाईंच्या नातीने मला फोन केला. तिने तक्रार केली नाही, फक्त विचारलं, "आजीने तिथे 'फोडल्या' लिहिलंय ते तुम्ही पाहिलं होतं ना? तिच्या तोंडून बांगडीला तो शब्द मी कधी ऐकला नाही."

मी पाहिलं नव्हतं. म्हणजे वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. आलंकारिक भाषा ओळखणं हे ज्या बाईचं पोट भरण्याचं साधन आहे, तिला ते का दिसू नये, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

एक दोष शिकवणुकीचा. मराठी शाळेत अलंकार आपण खुणेच्या शब्दांवरून ओळखायला शिकलो. 'सारखा, समान, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. खुणेखाली रेघ मारायची, नाव लिहायचं, दोन गुण घ्यायचे. कवितेच्या कडव्यांवर हे बऱ्यापैकी चालतं, रोजच्या बोलण्यात लगेच कोलमडतं. 'तो सारखा बोलतो' यात सारखेपणा कुठेच नाही. 'तुमच्यासारख्या डॉक्टरांनी असं म्हणावं?' हे वाक्य समोरच्या डॉक्टरलाच सुनावलेलं असतं. तुलनेचा शब्द आहे, तुलना नाही. उलट रस्त्यावर उभं राहून आपण 'रिक्षा!' अशी हाक मारतो आणि एक माणूस मान वळवतो, तेव्हा वाक्यात एकही खूण नसते, तरी बोलणं सरळ नसतं. काव्यशास्त्रात भाले आत शिरतात म्हणजे भालेकरी शिरतात, असं लक्षणेचं जुनं उदाहरण आहे. आपल्या चौकातली रिक्षा त्याच जातीची.

मग 'बांगडी वाढली' कुठल्या जातीचं? शाळेच्या यादीत त्याला जागा नाही. फार तर पर्यायोक्तीत ढकलता येईल, तुरुंगाला सरकारी पाहुणचार म्हणतात त्या रांगेत. पण पाहुणचाराच्या वाक्यात एक मिश्किलपणा आहे, बांगडीच्या वाक्यात तो औषधालाही नाही. मला इथे अकराव्या शतकातल्या मम्मटाचा 'काव्यप्रकाश' जास्त उपयोगी पडतो. लक्षणा कधी होते याच्या तो तीन अटी घालतो: शब्दाचा मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचा काही संबंध पाहिजे, आणि मागे रूढी तरी पाहिजे किंवा काही प्रयोजन तरी. रूढीसाठी त्याचं उदाहरण 'कुशल' या शब्दाचं आहे. कुश गवत नीट खुडणारा तो कुशल. आता कोणाला त्यात गवत दिसत नाही.

याच परंपरेत उलट अर्थाची लक्षणाही आहे. अपकार करणाऱ्याला एकजण म्हणतो, केवढे उपकार केलेस बाबा. आपण तासभर उशिरा आलेल्या पाहुण्याला म्हणतो, 'या, अगदी वेळेवर आलात!' शब्द एक सांगतो, अर्थ नेमका उलटा. आता बांगडीकडे पाहा. फुटली ती 'वाढली', गोष्ट संपली तिथे वाढीचा शब्द. सांगाडा अगदी तोच. वर्गीकरणाच्या तक्त्यात उपरोध आणि हे मंगलभाषण एकाच घरात बसतील. आणि तरी त्यांच्यात काहीही साम्य नाही, कारण उपरोध करणाऱ्याला वाटत असतं की उलटा अर्थ ऐकणाऱ्याला टोचावा. 'वाढली' म्हणणारीला वाटत असतं की तो कोणाच्या मनातही येऊ नये. एकाला पकडलं जायचं आहे, दुसरीला लपायचं आहे. तेव्हा वाक्यातली प्रतिमा कोणत्या प्रकारची हे ठरवताना शब्द आणि अर्थ यांचं अंतर मोजून भागत नाही. बोलणाऱ्याला ते अंतर दिसायला हवं आहे की नको, हे विचारावं लागतं.

एक आक्षेप माझ्याच मनात येतो. संस्कृतात कापणे या अर्थाचाही एक 'वर्ध्' धातू आहे. सुताराला 'वर्धकि' म्हणतात तो त्यावरून, हिंदीतला 'बढई' त्याचाच वंशज. मग नारळ 'वाढवणं' ही लपवाछपवी नसून निव्वळ जुनं क्रियापद असेल का? असेलही. पण व्युत्पत्ती बोलणाऱ्याच्या कानात नसते. मराठी बाईला त्या शब्दात वाढच ऐकू येते. आणि घरातून निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तिथे तर कोणताही धातू मदतीला येत नाही.

'येतो'ची शिकवण मला मात्र मराठीतून मिळाली नाही. ती बंगालीतून मिळाली. एम.ए.साठी जादवपूरला होते, तेव्हा एका घरात भाड्याने राहायचे. जिना उतरताना मी घरमालकीणबाईंना 'जाई' म्हणाले, तर त्यांनी मला परत वर बोलावलं आणि 'आशि' म्हणायला लावून मगच सोडलं. जन्मभर 'येते' म्हणत आलेल्या मुलीला त्यात दडलेली भीती परक्या भाषेत पहिल्यांदा ऐकू आली. त्याच घरात 'चाल बाडन्त' ऐकलं. चाल म्हणजे तांदूळ, बाडन्त म्हणजे वाढते. घरात तांदूळ वाढते आहेत, म्हणजे संपले आहेत. कन्नडमध्ये 'होगी बर्तीनी', तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन', गुजरातीत 'आवजो', हिंदीत दुकान आणि दिवा 'बढाना'. या पानांवर शेजारी शेजारी बसणाऱ्या इतक्या भाषा संपणं, जाणं, विझणं यांच्याशी जवळजवळ एकाच पद्धतीने वागतात. आपण एकमेकींत भाषांतर करतो तेव्हा ही गोष्ट आपोआप पार होते, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही. इंग्रजीच्या नाक्यावर मात्र झडती होते.

मम्मटाचं ऋण मान्य करून एका जागी मला त्याच्याशी भांडायचं आहे. तो म्हणतो, रूढी किंवा प्रयोजन. माझ्या वहीतली बाई पन्नास पानं 'वाढली' लिहिते ती सवयीने, निव्वळ रूढीने. त्या शब्दात तिला तितकंच दिसतं जितकं आपल्याला 'कुशल'मध्ये गवत. पण ज्या दिवशी ती तो शब्द वापरत नाही, त्या दिवशी कळतं की प्रयोजन इतकी वर्षं आत जिवंत होतं. नवरा होता तोवर शब्दाने राखण करायची. आता राखायचं काही उरलं नाही, तेव्हा साध्या शब्दाला दार उघडं झालं. 'बांगड्या फोडल्या' या वाक्यात कोणताही अलंकार नाही, लक्षणा नाही, सरळ अभिधा आहे. वहीतलं सगळ्यात भारलेलं वाक्य तेच, आणि ते भारलेलं आहे ते आधीच्या पन्नास पानांतल्या आडवळणांमुळे. अलंकार ओळखा, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. तो कुठे काढून घेतला आहे ते ओळखा, असा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता.

आणखी एक. मराठी वाक्यात फोडणारं कोण ते नाही. 'फोडल्या' म्हणताना कर्ता गाळता येतो, आणि तो गाळलेला असतो तेव्हा सगळा गाव त्या जागी उभा राहतो. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच्या बातम्यांत कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे अशी क्रियापदांची माळच होती. बंदी घालायला साधाच शब्द लागतो. 'वाढवणे' बंद करा, असं कोणालाच म्हणता आलं नसतं.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा मला दुरुस्तीची संधी मिळाली. पहिला मोह शब्दशः जाण्याचा झाला: इंग्रजीतही बांगडी 'वाढू' द्यावी. दोन पानं तशी करून पाहिली. वाक्यं फार सुंदर दिसू लागली, आणि तिथेच ती खोटी झाली. भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडी कविता आली. झोपलेली प्रतिमा भाषांतरात उठवून बसवली की वाचक लेखिकेचं कौतुक करतो ते नेमकं तिने न केलेल्या गोष्टीसाठी. आपल्या भाषांमधून इंग्रजीत गेलेल्या कितीतरी पुस्तकांना 'काव्यात्म' म्हटलं जातं, त्यातला काही वाटा या उठवाउठवीचा असावा असा मला संशय आहे.

शेवटी एक अगदी मळकं इंग्रजी क्रियापद सापडलं. दिवा निकामी झाला की इंग्रजीतही तो नुसता 'गेला' असं म्हणतात. मग रोजच्या बांगड्या मी 'गेल्या' केल्या. त्यात मंगल काही नाही, हे मला मान्य आहे, आणि घराबाहेर पडतानाही 'जाते' न म्हणणाऱ्या भाषेतला मजकूर 'गेली'वर आणून ठेवण्यातला विनोदही मला कळतो. पण फुटण्याचा शब्द त्यामुळे शिल्लक राहिला, आणि तो मी एकदाच वापरला. कर्ता तिथेही घातला नाही. इंग्रजी वाक्य थोडं लंगडतं, लंगडू दिलं.

एक गाठ सुटलेली नाही. त्या पानानंतर वहीत देवळातला नारळ दोनदा येतो. एकदा बाईंनी 'वाढवला' लिहिलं आहे, एकदा 'फोडला'. दोन्ही वेळा देऊळ तेच, सण तोच. नातीला विचारलं, तिलाही सांगता येईना. इंग्रजीत मी दोन्ही ठिकाणी वेगवेगळी क्रियापदं ठेवली आहेत.