कंटेनर, यजमान संगणक आणि महापूर : एक चिकित्सा

वेब-अनुप्रयोग त्याच्या सर्व पूरक घटकांसह एका इमेजमध्ये बांधून कंटेनररूपाने चालविण्याची पद्धत 2013 मध्ये डॉकर आल्यानंतर रूढ झाली. ‘कोठेही चालेल’ हा तिचा मुख्य दावा होय. तो अर्धाच खरा आहे. (प्रात्यक्षिकात मात्र तो पूर्ण खरा भासतो.) कंटेनर हा स्वतंत्र संगणक नव्हे, त्यातील प्रक्रिया यजमान संगणकाच्याच कर्नलवर चालतात. नेमस्पेस त्यांना परस्परांपासून अलग ठेवते, सीग्रुप स्मृती व प्रोसेसर यांचा वाटा ठरवितो, इतकेच. माहितीसाठा तर बहुधा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे यजमानाच्याच डिस्कवर असतो.

कोल्हापुरात ही मर्यादा केवळ तांत्रिक उरत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 व 2021 च्या महापुरांत ती ओलांडली गेली. 2019 मध्ये शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला. पूररेषेतील तळमजल्यावर एकाच यजमानावर गुणनोंदी ठेवणाऱ्या महाविद्यालयास इमेज रजिस्ट्रीतून पुन्हा मिळेल, गुण मिळणार नाहीत. माहितीसाठ्याची प्रत रोज शहराबाहेर पाठविण्याचे काम कंटेनर आपणहून करीत नाही. ते यजमानाच्या क्रॉनमध्ये कोणीतरी लिहावे लागते, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडूनही पाहावी लागते.